बडोदे येथे दगड धुण्यास गेलो त्याची हकीकत

बडोद्याला लोक राजवाडा बघायला जातात, चिवडा आणायला जातात, लग्नाची बोलणी करायला जातात. मी एक दगड धुवायला गेलो. गाडीत समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने "बडोद्याला काय विशेष?" असं विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं. त्यानंतर भरूच येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि भरूचला डबाच बदलून गेले.

दगड माझ्या आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा. आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. योसेफ रामजी भालेराव हे संस्थान असताना बडोद्याच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायला गेले आणि तिथेच तापाने वारले. तेव्हा आई चार वर्षांची होती. आजी दोन मुलगे आणि ही मुलगी घेऊन नगरला परतली आणि पुन्हा कधी तिकडे गेली नाही. दगडावर काय लिहिलंय ते एका जुन्या पत्रात होतं: 'मागे पत्नी व दोन पुत्र शोक करीत आहेत.' मुलीचा उल्लेख नाही. त्या काळी मुलींना शोक करायला परवानगी नसावी. आईने हे वाक्य आयुष्यभर मनात ठेवलं. बोलून दाखवलं नाही, पण ठेवलं.

मग धाकटा मामा देवाघरी जाताना सांगून गेला की, बडोदं सोडायच्या आदल्या दिवशी आजीने दगडावर खाली आणखी एक ओळ कोरून घेतली होती. काय ओळ, ते त्याला आठवत नव्हतं. तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईचा एकच धोशा: "तिथं माझं काही आहे का, तेवढं बघून ये." तिचे गुडघे पार गेलेले, नाहीतर ती स्वतःच निघाली असती. मामेभाऊ एकदा जाऊन आला होता. म्हणाला, दगड सगळा काळा पडलाय, काही वाचता येत नाही.

म्हणून मी गेलो. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो, त्यामुळे जगातल्या प्रत्येक डागावर माझ्यापाशी उत्तर होतं. जुने दगड कसे धुवावेत यावर सापडेल ते वाचून मी एक कार्ड तयार केलं. तारेचा ब्रश नाही. अ‍ॅसिड नाही. ब्लीच नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या, आणि सबुरी. दगड खालून वर भिजवत जायचा, नाहीतर ओघळांचे डाग पडतात. दगडावर नवीन काही करायचं नाही. ब्रश, काड्या, फवारणीची बाटली, गोणपाट, सगळं पिशवीत भरताना आई म्हणाली, "दगड धुवायला चाललायस का बाळंतपण करायला?"

समा

उतरलो नंदू पोतनीसकडे. नंदू माझा पुण्याच्या कॉलेजातला खोलीमित्र. रिफायनरीत नोकरी करून निवृत्त झाला आणि दांडिया बाजारातलं घर सोडून समाला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. त्याचे पूर्वज संस्थानात कसल्याशा खात्याचे कोणीतरी होते. नेमके काय, ते नंदूलाही माहीत नाही, पण भिंतीवर पगडी घातलेला फोटो आहे आणि त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही असा घरात नियम आहे.

नंदूचं मराठी आता असं झालंय की ऐकताना आपलंच चुकतंय असं वाटतं. "बॅग इथे मूक, पहिलं जमून घे, मग बाकीचं जोऊन लेऊ," हे त्याचं स्वागत. मूक म्हणजे ठेव हे अंदाजाने कळलं, पण जमणे म्हणजे जेवणे हे कळेपर्यंत मी उगाच जमवून घ्यायच्या तयारीत उभा होतो. वरणात गूळ, भाजीत साखर, आणि कोशिंबिरीतही कोणीतरी चमचा चुकून पाडलेला. आमच्या नगरला गोड खायचं असेल तर लग्न लागावं लागतं. सकाळी मात्र सेव-उसळ खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे हे लोक तिखट करू शकतात. घरात करत नाहीत, इतकंच.

घरात नंदूची आई, आक्का. वय ब्याऐंशी. दांडिया बाजारात असताना त्यांच्या हाताखालून चार देवळांची भांडी जायची म्हणे. इथे तिसऱ्या मजल्यावर त्यांना काम असं उरलेलं नाही. सून नोकरीला जाते, कामाला बाई येते, देवघर लाकडी कपाटात बंद. आक्का दिवसभर एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर बसतात. मी पिशवीतला ब्रश काढून दाखवला तेव्हा त्यांचे डोळे पहिल्यांदा चमकले.

"एवढ्या मऊ ब्रशानं काय निघणार रे?" त्या म्हणाल्या.

"आक्का, हे शास्त्र आहे," मी म्हणालो. नंदूनेही मान हलवली. आक्का उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

कबरस्तान, पहिला दिवस

कँपाकडचं जुनं ख्रिस्ती कबरस्तान. निम्मे दगड इंग्रजांचे, उंच, देवदूतबिवदूत असलेले. आपली माणसं मागच्या भिंतीशी, कडुनिंबांखाली. इंग्रज मेल्यावरही पुढच्या रांगेत. रखवालदार रमणभाई माणूस भला. त्यांनी आजोबांना शोधायला दीड तास दिला, वर चहा पाजला. शेवटी दगड सापडला. कमरेएवढा पांढरा संगमरवर, म्हणजे कधीकाळी पांढरा. वर शेवाळ वाळून काळी साल धरलेली, आणि त्या सालीखाली अक्षरं असल्याचा नुसता भास. बोट लावलं तर कडेला साखरेसारखा रवा हाताला आला. जुना संगमरवर असाच सुटतो. म्हणूनच त्याला फार जपावं लागतं.

रमणभाईंना ते पटलं नाही. "साहेब, आमां शुं? एसिड मारी दो. पांच मिनिटमां धोळो धोळो." म्हणजे पांढराशुभ्र.

मी त्यांना संगमरवर आणि आम्ल यांची अभिक्रिया समजावून सांगितली. बुडबुडे कसे येतात, दगड कसा विरघळतो, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "तो अर्धी बाटली चालशे?"

दुपारी नंदू छाणीहून हर्षदभाईंना घेऊन आला. हर्षदभाईंचा ओटे आणि फरशा घडवायचा कारखाना. त्यांनी दगडाभोवती एक चक्कर मारली, टिचकी वाजवली आणि गाडीतून ग्राइंडर काढला. "पॉलिश मारी आपुं, काच जेवो थई जशे." अक्षरांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, ती नंतर पाहिजे तशी नवी घालू, सोनेरी रंग पण भरू. मी ग्राइंडरच्या आणि आजोबांच्या मध्ये उभा राहिलो. शेवटी नंदूने स्वतःचा उपाय काढला. त्यांच्या प्लांटमध्ये म्हणे एक सॉल्व्हंट होतं, लावलं की रंग, गंज, चामडी, काही शिल्लक राहत नसे. प्रत्येकाचं आजोबांवर अतिशय प्रेम होतं, आणि प्रत्येकजण त्यांना संपवायला निघाला होता.

दुसरा दिवस

आक्कांनी येण्याचा हट्ट धरला. त्यांच्यासाठी नंदूने प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मी पाणी फवारलं, वाट पाहिली, ब्रश फिरवला, पुन्हा पाणी. आक्का बघत होत्या. तासाभराने त्यांनी हात पुढे केला, "आण इकडे, मी लावते थोडं."

"आक्का, तुम्ही फक्त बसा," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातला होता, हे मला आता आठवतं.

"एवढ्या वेळात माझे देव पुसून नैवेद्यसुद्धा झाला असता," त्या म्हणाल्या, पण बसल्या.

संध्याकाळपर्यंत वरच्या ओळी मोकळ्या झाल्या. नाव, मग 'बँडमधील क्लॅरिओनेटवादक', मग 'मागे पत्नी व दोन पुत्र शोक करीत आहेत'. अक्षर सुंदर, खोल, सरळ. त्याखाली मात्र जाड काळी साल, काही केल्या हलेना. पण खाली काहीतरी नक्की होतं. अंगठा फिरवला की उथळ, वेड्यावाकड्या खाचा लागत होत्या. बांबूची काडी घालायचा मोह झाला होता, पण कार्डावर 'सबुरी' लिहिलं होतं, आणि लिहिणारा मीच. ओलं गोणपाट तिथे बांधलं आणि ठरवलं की, एक दिवस पूर्ण भिजू द्यायचं. आईला फोनवर सांगितलं, "ओळ आहे. परवा कळेल."

"माझं आहे का त्यात?"

"परवा," मी म्हणालो.

तिसरा दिवस, मंडळात

हा मधला दिवस रिकामा जाऊ नये म्हणून नंदूने तिथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान ठरवलं. बडोद्यातला मराठी माणूस रिकामा दिवस दिसला की व्याख्यान ठरवतो. विषय: 'स्मारकांची शास्त्रीय निगा'. फलकावर माझ्या नावामागे 'डॉ.' लावलेलं होतं. मी ते काढायला सांगितलं तर कार्यवाह म्हणाले, "राहू द्या ना, छापून झालंय."

घरातून निघताना आक्का नऊवारी बदलून तयार बसल्या होत्या. नंदू म्हणाला, "आक्का, तू कशाला? शास्त्राचं आहे, तुला बोअर थशे." मी बुटाची नाडी बांधत राहिलो.

अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले. त्यांत संस्थानाची थोरवी होती, त्यांच्या पणजोबांची पगडी होती, आणि हल्लीची मुलं घरातही गुजरातीत भांडतात ही खंत होती. एवढं बोलून त्यांनी नातवाला "जल्दी जल्दी, पाणी लाव", म्हणजे आण, असं सांगितलं. मग शाल, मग श्रीफळ, मग मी. मी रंगलो. खडूचा तुकडा हातात आला की माणूस बदलतो. फळ्यावर अभिक्रिया लिहिली. आम्ल संगमरवराचा शत्रू आहे हे पाच वेळा, प्रत्येक वेळी नव्या शब्दांत सांगितलं. श्रोत्यांत एकजात पेन्शनर पुरुष, आणि त्यांतल्या एकाचाही आयुष्यात कधी भांडी घासण्याशी संबंध आलेला नव्हता. पहिला प्रश्न आला, "बाथरूमच्या टाइल्सना काय लावावं?" दुसरा प्रश्न, "नगरला यंदा डाळिंब कसं आहे?" टाळ्या भरपूर पडल्या. शेवटी सगळ्यांना बटाटेवडे आणि लिलो, म्हणजे ओलसर, चिवडा.

पाचच्या सुमारास घरी आलो तर आक्का नाहीत. शेजारच्या बाई म्हणाल्या, त्या दुपारीच रिक्षा करून गेल्या, हातात पिशवी होती. नंदूला काही सुचेना. मला मात्र जिन्यातच कळलं त्या कुठे गेल्या असतील ते.

कबरस्तान, त्याच संध्याकाळी

दगड लांबूनच दिसला. पूर्ण पांढरा, उन्हात नुसता चमकत होता. पायथ्याशी चार ठिपक्यांची रांगोळी, दोन तगरीची फुलं. शेजारच्या कबरीच्या कठड्यावर आक्का बसल्या होत्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत तपकिरी. समोर बादली, नारळाची शेंडी, रांगोळीचा डबा, आणि एका वाटीत चिंचेचा कोळ.

"ये," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर असं समाधान की दांडिया बाजारातली चारही देवळं एकदम उजळून निघाली असावीत. "बघ, पाणी फवारत बसला होतास."

मी खाली वाकलो. वरच्या ओळी होत्या, थोड्या बोथट झालेल्या. खाली, जिथे गोणपाट बांधलं होतं, तिथे काही नव्हतं. गुळगुळीत. अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. कडेने फिरवला. काही नाही.

"आक्का, हे काय केलंत? अ‍ॅसिड लावायचं नाही म्हणून मी बोंबलून सांगतोय सगळ्यांना!"

"मी कशाला मेलं अ‍ॅसिड लावू? ते संडासात घालतात. घरची चिंच आहे. माझे देव साठ वर्षं चिंचेनंच उजळतात."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईवर, कबरस्तानात, तिने माझ्या आजोबांसाठी भर दुपारी तीन तास हात झिजवले म्हणून ओरडलो. रमणभाई चहाचे कप घेऊन अर्ध्या वाटेवर थांबले. नंदू "आक्का, आक्का" एवढंच म्हणत होता. आक्का पदराने हात पुसत राहिल्या.

मग माझा मीच थांबलो. कारण माझ्या डोळ्यांसमोर माझीच प्रश्नपत्रिका आली. रिकाम्या जागा भरा: चिंचेत कोणते आम्ल असते? अर्धा गुण. तीस वर्षं मी तो प्रश्न घातला, तपासला, न येणाऱ्यांना उठाबशा काढायला लावल्या. पण बडोद्यात आल्यापासून 'आम्ल' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त बाटली होती. ज्या एका माणसाच्या हातात खरंच आम्ल होतं, तिला आम्ही दोघांनी घरी बसवलं आणि तिच्याऐवजी चाळीस पेन्शनरांना फळ्यावर समजावलं. चूक आक्कांची नव्हतीच. मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता आईला काय सांगू?

आक्कांनी वाटीतला उरलेला कोळ बादलीत ओतला. मग म्हणाल्या, "तुला ती खालची ओळ हवी होती का?"

"हो."

"मग तसं सांगायचंस. वाचली की मी."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"गोणपाट काढलं, तर साल मऊ झाली होती. तुझी ती काडी फिरवली, भराभर निघाली. कोणा शिकाऊ हाताचं कोरलेलं, वाकडं. 'सोनीचे बाबा' असं होतं. म्हटलं, असेल घरातलं कोणीतरी. मग सगळंच उजळायला घेतलं."

आमच्या घरात सोनी कोणी नाही. आईचं नाव मार्था. तिला सगळे मार्थाबाई म्हणतात, आजी मार्थे म्हणायची. सोनी मी जन्मात ऐकलं नव्हतं. नंदूने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "आक्काचं हल्ली थोडं असंच होतं हं. मनाचं मिसळून जातं." मलाही ते पटलं. परवाच त्यांनी माझ्या चहात दोनदा साखर घातली होती. ओळ तर गेली. पुरावा नाही. उरलं ते एका विसरभोळ्या बाईचं बोलणं, आणि तेही माझ्या आईच्या आयुष्यभराच्या प्रश्नावर.

तरी फोन लावला. आधी कबुली दिली, की ओळ पुसली गेली, चूक माझी.

"पण पुसायच्या आधी इथल्या आक्कांनी वाचली होती म्हणे. आई, आता याचा काही अर्थ लागत नाही बघ. त्या म्हणतात, 'सोनीचे बाबा'."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परत म्हण," आई म्हणाली.

"सोनीचे बाबा."

"मला फक्त ते म्हणायचे रे," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "दुसरं कोणी नाही. आईसुद्धा नाही. ते गेले आणि कोणी म्हणेनासं झालं. मला वाटायचं, मीच कधीतरी मनानं धरून बसले असेन." मग नेहमीच्या सुरात म्हणाली, "त्या बाईंना दे फोन."

दोघी पाऊण तास बोलल्या. मला फक्त अलीकडचं ऐकू येत होतं. "हो हो, एकदम लख्ख... अहो, कसला त्रास... गुडघ्यांना तिळाचं तेल लावा, गरम करून... नाही, नाही, मुलगा चांगला आहे तुमचा, पण बोलतो फार." नंदूने या वाक्यावर माझ्याकडे बघणं टाळलं.

चौथा दिवस

सकाळी उठून छाणीला गेलो. कार्डावर शेवटचा नियम होता, दगडावर नवीन काही करायचं नाही. ते कार्ड मी नंदूच्या घरी, पगडीवाल्यांच्या फोटोमागे ठेवून आलो होतो. तिथे त्याला आवाज चढवता येणार नव्हता. हर्षदभाई ग्राइंडर उचलायला लागले, मी हात जोडले. मग ते छिन्नी आणि हातोडी घेऊन माझ्याबरोबर कबरस्तानात आले. आक्कांनी गेरूने त्या ओळीची जागा आखून दिली, अक्षर वाकडंच राहू द्या असं बजावलं, आणि हर्षदभाई ओणवे झाले.

"केटलुं ऊंडुं करवानुं?" त्यांनी विचारलं.

किती खोल, हे मी आक्कांना विचारलं. आक्का म्हणाल्या, "जेवढं जाईल तेवढं."

नगर

घरी आल्यावर आईला फोटो दिले. तिने भिंग घेतलं, चष्म्यावर धरलं, आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. मी एकदोन वेळा चहा विचारला.

शेवटी, आता सांगून टाकलेलं बरं म्हणून मी म्हटलं, "आई, एक सांगायचं राहिलं. आक्का म्हणतात, दर वर्षी दिवाळीच्या आधी त्या जाऊन दगड उजळणार. चिंच घेऊन. माझं काही ऐकत नाहीत."

आईने बोट उचललं नाही.

"खोल कोरलंय ना?"

"हो."

"मग घासू दे की तिला."